पाच दिवस थांबायचं

डिसेंबरच्या शेवटी सकाळी सातला हरभऱ्यात शिरलं की पाय चरचरतात. पानांवर आंब, म्हणजे आंबट दव, असते ना, थंडीत ती जास्तच सुटते, पोटऱ्यांना लागली की आग आग होते आणि साडीचा काठ खराब होतो तो कायमचाच. आमच्या आत्या (सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणतात) अजूनही रात्री पांढरं फडकं हरभऱ्यावर अंथरून ठेवतात आणि पहाटे ते पिळून आंबेची बाटली भरतात, कुणाचं पोट दुखलं की दोन थेंब पाण्यातून. तर त्या आंबेतून मी चार दिवस रोज सकाळी तासभर फिरत होते, वाकून वाकून शेंडे बघत होते, आणि बांधावरून मामा रोज एकच प्रश्न विचारत होते.

"मेल्या का गं?"

"न्हाई मामा. हलायल्यात अजून."

"मग काय फवारलंस तू, पाणी?"

चौथ्या दिवशी तर माझ्याही मनात तेच यायला लागलं होतं. शेजारच्या वावरात त्याच संध्याकाळी दुसरं औषध मारलेलं, तिथं दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर अळ्यांचा सडा. आणि आमच्या वावरात घाटे अळी जिवंत, घाट्याला, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगेला, भोक पाडून अर्धं अंग आत आणि अर्धं बाहेर. लोक येता जाता बघत होते. मी हे सगळं का लिहितेय तर जैविक औषधांवर, म्हणजे अळीला आजार पाडणाऱ्या विषाणू-बुरशींच्या औषधांवर, जे काही छापून येतं त्यात डोस असतो, नाव असतं, फायदे असतात, पण हे मधले चार-पाच दिवस कसे जातात ते कुठंच नसतं. आणि माझ्या मते ह्या औषधांचं जमणं न जमणं सगळं त्या चार-पाच दिवसांवरच आहे.

थोडं मागं जाऊन सांगते, म्हणजे मी ह्यात का पडले ते कळेल.

2017 चा सप्टेंबर. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात होते, पेपरात रोज बातम्या. आम्ही हिंगोली जिल्ह्यातले, यवतमाळ आमचं शेजारीच. आमच्याकडंही कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढलेली, पंपाचा नोझल वर धरून मारायचं म्हणजे निम्मं औषध अंगावरच पडायचं. एका दुपारी आमचे हे फवारून आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले मला दिवा अंधुक दिसतोय. दिवसाउजेडी दिवा कुठला? बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडातून लाळ गळतेय, मग उलट्या. गाडीवर मधे बसवून तालुक्याला नेलं, मागून मी धरलेलं. दोन दिवस सलाईन आणि इंजेक्शनं. वाचले. पण त्या गाडीवर त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर पडलेलं होतं आणि शर्टाला जो वास येत होता तो वास मला आजही कृषी केंद्राच्या दारातनं जाताना आला तर माझ्या पोटात गोळा येतो.

त्यानंतर मी घरात सांगून टाकलं की पिकाचं काय व्हायचं ते होऊ दे, पण आता पंप पाठीवर घ्यायचा तर मला आधी कळलं पाहिजे त्यात काय आहे.

मग चौकशी सुरू केली. परभणीचं विद्यापीठ आमच्यापासून लांब नाही, हळदीवाले लोक तिथून बायोमिक्स (उपयोगी बुरशी-जिवाणूंचं मिश्रण) आणतात ते माहीत होतं, कंदकुजीसाठी आमच्या भागात ते घरोघरी आहे. ट्रायकोडर्मा पण माहीत होतं, हरभऱ्याला मर लागू नये म्हणून बियाण्याला चोळतात ते. पण ही झाली बुरशीवर सोडायची बुरशी. अळीला सुद्धा आजार पाडता येतो, तिचा तिचा खास आजार, आणि तो बाटलीत मिळतो, हे मला एका शेतकरी मेळाव्यात पहिल्यांदा नीट कळलं. तिथल्या एका मॅडमनी काचेच्या बाटलीत मातकट पाणी दाखवलं आणि म्हणाल्या हे एचएएनपीव्ही. मराठीत सांगायचं तर घाटे अळीचा विषाणू. मी विचारलं ताई हे माणसाला काय करतं, त्या म्हणाल्या काही नाही. गाईला? काही नाही. मधमाशीला? काही नाही. बरं, दुसऱ्या अळीला? तर म्हणाल्या तंबाखूवरच्या पाने खाणाऱ्या अळीलासुद्धा नाही, तिचा विषाणू वेगळा. फक्त घाटे अळी.

मला तेव्हा ते खरं वाटेना. आपल्याला सवय असते एका बाटलीत सगळं मरायची. दुकानात आपण विचारतोच मुळी असं, "याच्यानं काय काय मरतं?" आणि यादी जेवढी लांब तेवढं औषध भारी.

त्या मॅडमनी एलई म्हणजे काय ते सांगितलं ते मला फार आवडलं होतं. बाटलीवर 100 एलई, 250 एलई असं लिहिलेलं असतं. एलई म्हणजे एका अळीएवढं. ह्या विषाणूनं मेलेल्या एका पूर्ण वाढलेल्या अळीच्या अंगात जेवढे विषाणूचे दाणे निघतात तो एक एलई, आणि ते दाणे मोजले तर धरून चालायचे 6 अब्ज. एका बोटाएवढ्या अळीत 6 अब्ज! हेक्टरी 500 एलई मारायचं म्हणजे एकरी 200 अळ्यांचं मढं पाण्यात कालवून पिकावर शिंपडायचं, सोप्या भाषेत एवढंच.

हा एकेक दाणा म्हणजे प्रथिनाची बंद डबी समजा, तिच्यात विषाणू बसलेले. पानावर पडून राहिली तर डबी काही करत नाही. अळीनं पान खाल्लं की डबी पोटात जाते, आणि अळीचं पोट आपल्यासारखं आंबट नसतं, उलट असतं, खाऱ्याकडं झुकणारं, साबणाच्या पाण्यासारखं. त्या असल्या पोटात डबी विरघळते. आपल्या पोटात ती तशी विरघळत नाही. विषाणू बाहेर पडतो, आतड्याच्या पेशीत शिरतो, तिथं वाढतो, मग सगळ्या अंगभर. ह्याला वेळ लागतो. चार दिवस, पाच दिवस, थंडी जास्त असली तर सहा-सात सुद्धा.

म्हणजे अळीनं आधी खाल्लं पाहिजे. हे ऐकून मामा म्हणाले, "म्हंजी आपलं पीक खायची वाट बघायची?" आणि त्यांचं बरोबरच होतं, तीच वाट बघायची असते.

तर सुरुवातीला सांगितलं त्या वर्षी एक एकर हरभरा माझ्या हट्टावर ठेवला. फुलोरा लागला तेव्हा कामगंध सापळे (मादीच्या वासानं घाटे अळीचे नर पतंग ओढणारे) लावलेले होते, हेक्टरी पाच या हिशोबानं एकराला दोन. रोज सकाळी पतंग मोजायचे. सलग दोन-तीन दिवस सापळ्यात आठ-दहा पतंग यायला लागले की समजायचं आता अंडी पडली. पेरताना हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळली होती, ती ताटं आता हरभऱ्याच्या वर आलेली, त्यावर चिमण्या-कोतवाल बसतात आणि खाली उतरून अळ्या टिपतात. हे जुनं शहाणपण आता शिफारशीत पण आहे, हेक्टरी 200 ग्रॅम ज्वारी.

अळ्या अजून दोऱ्याएवढ्या असतानाच फवारायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच आपल्याकडून होत नाही, कारण दोऱ्याएवढी अळी आपल्याला दिसतच नाही. पानावर खरवडल्यासारखे पांढुरके ठिपके दिसतात तेवढेच. आपल्याला अळी दिसते ती घाट्यात शिरल्यावर, बोटाएवढी झाल्यावर, आणि तोवर तिला हा आजार लागला तरी ती मरायच्या आत पोटभर खाऊन घेते. एक अळी तिच्या जन्मात 30-40 घाटे पोखरते म्हणतात, त्यातले बहुतेक ती मोठी झाल्यावरच. म्हणून मी गुडघ्यावर बसून शेंडे उलटून बघायला शिकले. चष्मा लागला होता तो पण त्याच वर्षी, बरं झालं.

फवारलं संध्याकाळी पाचनंतर. उन्हात हा विषाणू टिकत नाही, म्हणून दिवस मावळतीला. पाण्यात गूळ टाकला, अळीला गोडी लागावी आणि पानाला चिकटून पण राहावं, आणि थोडी कपड्याची नीळ. नीळ कशाला तर उन्हाचा मारा ती अंगावर घेते. पंप आधी तीनदा धुतला, जुन्या औषधाचा वास राहू नये म्हणून. आमचे हे फवारत होते, तोंडाला रुमाल, आणि मी मागं मागं बादली घेऊन. मधेच ते थांबले आणि म्हणाले, "वास नाही येत गं काही." गुळाचा येत होता थोडा.

मग ते दिवस सुरू झाले.

पहिला दिवस, काही नाही. दुसरा दिवस, काही नाही, उलट मला वाटलं अळ्या वाढल्यात. तिसऱ्या दिवशी एक गोष्ट दिसली पण मला तेव्हा तिचा अर्थ कळला नाही. काही अळ्या सुस्त होत्या, बोट लावलं तर गुंडाळी करून खाली पडायला हवी ती नुसतीच अंग हलवत होती. रंग फिका, पोटाखालून जरा गुलाबीसर पांढरट. चौथ्या दिवशी मामांचं ते "पाणी फवारलंस का" झालं. शेजारचे काका, स्वभावानं भले माणूस, बांधावर येऊन समजावून गेले की वहिनी अजून वेळ गेलेली नाही, उद्या इमामेक्टिन हे रासायनिक औषध मारून घ्या, मी पंप देतो. रात्री जेवताना कुणी काही बोललं नाही. एक एकर म्हणजे काही फार नाही असं शहरात वाटेल, पण सहा-सात क्विंटल हरभरा म्हणजे आमच्या घरात पोराची फी आणि खतांची उधारी.

पाचव्या दिवशी सकाळी मी बांधावरूनच बघितलं आणि पाय थबकले. शेंड्यावर काहीतरी लोंबत होतं. जवळ गेले. अळी होती, झाडाच्या अगदी टोकाला, मागच्या पायांनी फांदी घट्ट धरलेली आणि बाकी अंग खाली उलटं लोंबकळलेलं. काळपट झालेली. दोन फुटांवर दुसरी. तिच्या पुढं तिसरी. त्यातली एक अंगाच्या मधोमध धरून होती, दोन्ही टोकं खाली, उलट्या व्ही सारखी. काडीनं हात लावला तर कातडी फुटली आणि आतून घट्ट, मातकट, पांढुरकं पाणी गळलं, आतमध्ये अळी म्हणून काही शिल्लकच नव्हती, सगळ्याचं पाणी झालेलं. ते पाणी शेंड्यावरून खालच्या पानावर गेलं, त्या पानावरून त्याच्या खालच्या.

मी तिथंच बसले. आंब पायाला लागत होती त्याचं भान नव्हतं. मोजत गेले, एका ओळीत 11, दुसरीत 14.

"मामा, या इकडं."

मामा आले, वाकले, बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "ह्या वर का गेल्या मरायला?"

हा प्रश्न त्यांनी विचारला याचं मला अजून कौतुक वाटतं, कारण जर्मनीतल्या जंगलात काम करणाऱ्या लोकांना पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच दिसलं होतं, अळ्या झाडाच्या शेंड्याला जाऊन उलट्या लोंबून मरतात, म्हणून त्यांनी ह्याला नावच शेंड्याचा आजार दिलं. एरवी धडधाकट अळी दिवसा लपते, पक्ष्यांना भिऊन. आजारी अळी मात्र वर चढते. आणि 2011 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दुसऱ्या एका पतंगाच्या अळीवर दाखवून दिलं की तिला वर चढायला लावणारा विषाणूतला एकच जीन आहे, तो काढून टाकला की अळी वर जात नाही. म्हणजे विषाणू तिला उंचावर नेऊन ठेवतो, तिथं ती फुटते, आणि ते पाणी खालच्या पानापानावर गळतं, पावसानं, दवानं पसरतं, खालची अळी ते पान खाते. मामांना मी सांगितलं तसं ते म्हणाले, "म्हंजी फवारणी तीच करायली आता." अगदी तसंच. आम्ही एकदा फवारलं होतं, पुढचं त्या करत होत्या.

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून त्या अळ्या गोळा केल्या. हे पण त्या मॅडमनीच सांगितलेलं, लोंबलेल्या अळ्या वेचा, वाटा, गाळा आणि परत फवारा. आत्यांनी मिक्सर द्यायला साफ नकार दिला, बरोबरच आहे, मग गोठ्यामागचा जुना पाटा काढला. वास काय सांगू, सडलेल्या मांसाचा, नाकाला पदर बांधून वाटलं, पाणी घालून पातळ केलं आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. दोनशे अळ्यांत एक एकर. ते दुसऱ्या एकरावर मारलं. विकत आणलेलं औषध संपलं तरी शेतात औषध तयार होत होतं हे मला तेव्हा जे काही वाटलं ते लिहिता येणार नाही नीट.

आता सोयाबीनची एक गोष्ट सांगते, कारण तिथं आम्ही काहीच फवारलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवस झड लागली होती, ऊन नाही, सगळीकडं ओल. सोयाबीनमध्ये तंबाखूवरची अळी पडलेली, पानांची चाळणी. पाऊस उघडल्यावर आत गेले तर पानापानावर पांढऱ्या अळ्या चिकटलेल्या, ताठ, खडूच्या तुकड्यासारख्या. कुणीतरी चुना शिंपडून गेल्यासारखं. दोन दिवसांनी त्याच अळ्या फिक्या हिरव्या, बोट लावलं की हिरवी पावडर उडायची. ही बुरशी, मेटारायझियम रिलाई, आधी तिला नोमुरिया म्हणायचे. हिला पोटातून जावं लागत नाही. तिचा बीजाणू अळीच्या कातडीवर पडतो, ओल मिळाली की रुजतो, कातडी भेदून आत शिरतो, आतलं सगळं संपवतो आणि मग बाहेर येऊन परत बीजाणू उधळतो. आपल्या मराठवाड्यात, विदर्भात, दमट ऑगस्ट-सप्टेंबरात ही आपोआप येते. मामा म्हणाले असल्या पांढऱ्या अळ्या आम्ही भुईमुगात लहानपणी बघितल्यात, आम्हाला वाटायचं पावसानं गारठून मेल्या.

आणि बरोब्बर ह्याच वेळेला आपण काय करतो, कीटकनाशकाच्या पंपात बुरशीनाशक पण टाकतो, "एकाच फवारणीत दोन्ही कामं". पिकावरच्या रोगाची बुरशी मारायला टाकलेलं औषध ह्या बुरशीला पण मारतं. फुकट आलेली मदत आपणच पैसे घालून हाकलतो. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं. रोग दिसत असेल तर मारायलाच पाहिजे, त्याबद्दल म्हणणं नाही, पण नुसती दुकानदारानं दिली म्हणून पुडी टाकायची तर आधी एकदा वावरात जाऊन पांढऱ्या अळ्या आहेत का बघून या, मी हात जोडून सांगते.

हिचीच चुलत बहीण मेटारायझियम अनिसोप्ली, हुमणीवर, म्हणजे जमिनीत राहून मुळं खाणाऱ्या अळीवर, चालते ती. तिची हकिकत वाचली तेव्हा मला मजा वाटली. इल्या मेचनिकॉफ म्हणून शास्त्रज्ञ, ज्यांना पुढं 1908 साली वेगळ्याच कामासाठी नोबेल मिळालं, ते 1879 मध्ये आजच्या युक्रेनमधल्या ओडेसाच्या भागात गव्हाच्या भुंग्याच्या अळ्या तपासत होते आणि त्यांना अळ्यांवर ही हिरवी बुरशी सापडली. त्यांनी विचार केला की हीच वाढवून शेतात सोडली तर? म्हणजे ही कल्पना दीडशे वर्षांच्या आसपासची आहे, रासायनिक फवाऱ्यांच्या कितीतरी आधीची. आपण तिला नवीन म्हणतो.

त्याच्याही आधी इटलीत, मिलानजवळच्या लोदी गावाकडचे अगोस्तिनो बास्सी. शिक्षण वकिलीचं. त्या भागात रेशमाच्या अळ्या मरून पांढऱ्या, चुन्यासारख्या कडक व्हायच्या, रेशीमवाले देशोधडीला लागत होते. बास्सींनी पंचवीसेक वर्षं त्यावर घालवली आणि 1835 मध्ये मांडलं की हा आजार एका बारीक बुरशीमुळं होतो आणि एका अळीवरून दुसरीवर जातो. जंतूमुळं प्राण्याला आजार होतो हे पुराव्यानिशी पहिल्यांदा दाखवणाऱ्यांत त्यांचं नाव घेतात, पाश्चरच्या कितीतरी आधी. त्या बुरशीला त्यांचंच नाव पडलं, बिव्हेरिया बॅसियाना, जी आज आपल्या प्रत्येक कृषी केंद्रात एक किलोच्या पुड्यात मिळते. एका अळीला वाचवायला निघालेल्या माणसानं दुसऱ्या अळ्या मारायचं औषध हातात दिलं.

हे मी मुद्दाम सांगतेय कारण आमच्या गावात आता तिघांनी तुती लावलीय, रेशीम करतात. त्यातल्या एका भावजींनी मला एकदा हात जोडून विचारलं, "वहिनी, तुम्ही ते बिव्हेरिया आमच्या बांधाला नका मारू." त्यांच्या रेशीमघरात हीच बुरशी शिरली तर संपलं सगळं, ते लोक अळ्यांवर चुना टाकतात, जंतुनाशक मारतात ते ह्याच्याच भीतीनं. बीटीची पावडरही त्यांच्या अळ्यांना चालत नाही. मी तेव्हापासून त्या बाजूला फक्त एचएएनपीव्ही वापरते, ते रेशमाच्या अळीला काही करत नाही. जैविक म्हणजे सगळ्यांना सुरक्षित असं सरसकट बोलू नये, कुणासाठी आणि कुणाच्या बांधाला हे बघावंच लागतं.

बीटीचं पण निघालं म्हणून. आमच्याकडं बीटी म्हणजे कपाशीच्या बियाण्याचं नाव असंच सगळ्यांना वाटतं. पण बीटी हा मातीतला जिवाणू, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. 1901 मध्ये जपानमध्ये इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञांना तो मेलेल्या रेशीम अळ्यांत सापडला (परत रेशीमच!) आणि 1911 मध्ये जर्मनीतल्या थुरिंगियात बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या अळीत, म्हणून ते नाव. त्याचा जीन कपाशीत घातला आणि 2002 मध्ये आपल्या देशात परवानगी मिळाली. सुरुवातीला खूप चांगलं चाललं, नाकारण्यात अर्थ नाही. पण एकच गोष्ट रात्रंदिवस प्रत्येक पानात, प्रत्येक बोंडात, लाखो एकरांवर, तर गुलाबी बोंडअळीला त्याची सवय झाली. आणि 2017 ला काय झालं ते वर लिहिलंच आहे, त्या वर्षी बोंडअळी पण होती आणि फवारणी पण.

आता जे जमलं नाही ते पण लिहायला पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत चार दिवस ढग आले आणि घरात लग्न, मी आठवडाभर वावरात गेलेच नाही. गेले तेव्हा अळ्या घाट्यात शिरलेल्या, मोठ्या. तरी मी एचएएनपीव्ही मारलं आणि थांबले. पाचव्या दिवशी थोड्या लोंबल्या, पण बाकीच्यांनी घाटे रिकामे केले होते. शेवटी रासायनिक मारावं लागलं, आणि निम्मं पीक गेलं. औषध चांगलं होतं, मी उशिरा गेले.

दुसरं बाटलीचं. एकदा तालुक्याला एका दुकानातून मेटारायझियमचा, त्या हिरव्या बुरशीचा, पुडा आणला, पत्र्याचं दुकान, मे महिना, पुडे वरच्या फळीवर पत्र्याला लागून. आत जीव आहे ही गोष्ट त्या फळीला काय माहीत. हुमणीसाठी शेणखतात मिसळला, आठवडाभर सावलीत ओल्या बारदानाखाली ठेवला, एक हिरवा ठिपका सुद्धा उगवला नाही. मेलेलं होतं सगळं. आता मी तारीख बघते, कुठं ठेवलंय ते बघते, आणि घरी आणून थोडंसं ओल्या भातावर टाकून झाकून ठेवते. हप्त्याभरात भात हिरवा झाला तर पुडा जिवंत धरते.

आणि तिसरं जास्त वाईट. एका माणसानं गावात येऊन "शंभर टक्के सेंद्रिय" म्हणून बाटल्या विकल्या, आणि लोक खूश, कारण दोन तासांत अळ्या खाली. मला आमच्या ह्यांनी पण येऊन सांगितलं, बघ हे तुझ्यापेक्षा चांगलं. मी म्हटलं, दोन तासांत? विषाणूला पोटात जाऊन वाढायला दिवस लागतात, बुरशीला कातडीतून शिरायला दिवस लागतात. दोन तासांत अळी पडली तर त्या बाटलीत बुरशी, विषाणू काही नाही, आत दुसरंच काहीतरी आहे, आणि ते काय आहे हे बाटलीवर लिहिलेलं नाही म्हणून फवारणाऱ्यानं रुमाल पण बांधला नाही. हे ऐकून ते एकदम गप्प झाले. त्यांना ओट्यावरची ती दुपार आठवली असणार. मला तर रोजच आठवते.

आपल्याला अळी पडताना बघायची इतकी सवय झालीय की पडली म्हणजेच औषध, हे डोक्यातून जात नाही, माझ्याही जात नव्हतं. ह्या वर्षी मी एक केलं, फवारल्यावर घाट्यांची पाच झाडं निवडून त्यांना लाल दोरा बांधला, त्यावरच्या अळ्या रोज फक्त मोजायच्या आणि त्या किती खातात ते बघायचं, मेल्या का ते बघायचं नाही. तर तिसऱ्या दिवशीच दिसलं, अळी जिवंत होती पण नवीन घाट्याला भोक नव्हतं. खाणं थांबलेलं. मरायच्या दोन दिवस आधीच तिनं पीक सोडलेलं. पहिल्या वर्षी हे माझ्या डोळ्यांसमोर होऊनही मला दिसलं नव्हतं, कारण मी फक्त मेलेली अळी शोधत होते.

काल ह्या वर्षीचा चौथा दिवस होता. सकाळी मी स्वयंपाकात अडकले, वावरात जायला नऊ वाजले. बघते तर मामा आधीच हरभऱ्यात, धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, लाल दोऱ्याच्या झाडापाशी उकिडवे बसलेले. शेजारचे काका बांधावर उभे होते आणि विचारत होते, काय बाबा, मेल्या का?

"न्हाई अजून," मामा मान वर न करता म्हणाले. "खायचं सोडलंय तिनं. उद्या ये."